बरणी नांदेडात तडकली : हातच्या साबण-मेणबत्त्यांच्या विम्याचं एक प्रकरण

हे प्रकरण लिहायला लातूरच्या ताईंनी आणि नांदेडच्या कुटुंबानं, दोघांनीही होकार दिला आहे. नावं, गल्ली, ब्रँड मी गाळलं आहे. रकमा आणि तारखा आहेत तशा ठेवल्या आहेत. माझं स्वतःचं जिथं चुकलं तेही गाळलेलं नाही, कारण विमा कंपनीनं घेतलेल्या पहिल्याच आक्षेपाचं मूळ माझ्या एका फोनमध्ये होतं. मी लातुरात एकोणीस वर्षं जनरल इन्शुरन्सचं एजंट म्हणून काम करतो. गाड्या, दुकानं, गोदामं, डाळ मिल असे विमे माझ्या हातून रोज जातात. घरात साबण आणि मेणबत्त्या करणाऱ्या बाईचा विमा हे माझ्यासाठी नवं होतं, आणि नवं काम जुन्या सवयीनं केलं की काय होतं ते इथं दिसतं.

शेड आणि दोन पॉलिसी

ताईंनी २०१९ साली शेळीच्या दुधाचा साबण करायला घेतला. आमच्याकडं उस्मानाबादी शेळी दारोदार. मटणाला आणि जुळ्या करडांना तिची मागणी. दुधाला मात्र फारसं कुणी विचारत नव्हतं. ताईंनी ते विकत घ्यायला सुरुवात केली. दूध आधी गोठवायचं, मग त्यात कॉस्टिक सोडा थोडा थोडा सोडायचा, नाहीतर दूध करपतं आणि वडी तांबूस होते. खोबरेल, करडईचं तेल, थोडं एरंडेल. ओतलेला साबण कापून चार ते सहा आठवडे फडताळावर वाळवायचा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या आणि चार बायका हे काम करत. पुढं दिवाळीचं उटणं आलं आणि नोव्हेंबर २०२३ पासून मेणबत्त्या.

साबणाच्या बाबतीत ताई कागदाला पक्क्या होत्या. अंगाला लावायचा साबण १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतो, आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे तो विक्रीसाठी बनवायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. तो मिळवताना त्यांना बॅच रजिस्टर ठेवायची सवय लागली. कोणत्या तारखेला, कोणतं तेल किती, कॉस्टिक किती, किती वड्या निघाल्या, कुणाला गेल्या, हे सगळं त्यात असे. मेणबत्तीला असा कुठला परवाना लागत नाही. वेष्टनावर वजन, किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष वगैरे टाकलं की वजनमापाच्या नियमांपुरतं भागतं. त्यामुळं मेणबत्तीबद्दल त्यांना कुठल्याच ऑफिसनं कधी काही विचारलं नाही. मीही नाही. आज मला वाटतं की धोका आम्ही परवान्यावरून मोजत होतो. साबणानं फार तर अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. मेणबत्ती म्हणजे आपण दुसऱ्याच्या घरात पाठवलेला जिवंत विस्तव.

विम्याचे दोन कागद त्यांच्याकडं होते. पहिला बँकेच्या कर्जापायी घेतलेला, ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्या ५ कोटींपर्यंतच्या छोट्या उद्योगांना आगीसाठी ही ठरलेली पॉलिसी देतात. शेड, यंत्रं, कच्चा माल, तयार माल यांचं आग, वादळ, पूर अशानं नुकसान झालं तर ती भरून देते. दुसरा कागद प्रॉडक्ट लायबिलिटीचा, म्हणजे आपल्या मालानं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा. पुण्यातल्या एका दुकानानं साबण ठेवायचा तर हा विमा पाहिजे अशी अट घातली म्हणून १२ ऑगस्ट २०२३ ला मी तो काढून दिला. एका अपघाताला १० लाख, वर्षभरात सगळे मिळून १० लाख. दर दाव्यामागे पहिले २५,००० आपले. हद्द फक्त भारत. प्रीमियम ६,२०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ७,३१६ रुपये. मालाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: ‘हाताने बनवलेले आंघोळीचे साबण’.

ऑगस्ट २०२४ मध्ये रिन्यूअल आलं. मी फोन केला.

“ताई, मागच्यासारखंच ना?”

“व्हय भाऊ, मागच्यासारखंच.”

उलाढालीचा आकडा लागतो म्हणून त्यांनी ६ ऑगस्टला एक तक्ता मेल केला. साबण ६,४०,०००, मेणबत्ती ३,१०,०००, उटणं १,५०,०००, एकूण ११,००,०००. मी खालची ओळ पाहिली आणि मेल जसाच्या तसा शाखेला पुढं ढकलला. प्रीमियम ११ लाखांवर लागला. मालाच्या रकान्यात साबणच राहिला. तीन ओळींचा तक्ता वाचायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं.

लक्ष्मीपूजनाची रात्र

लातूरच्या एका थोरल्या बहिणीनं नांदेडच्या भावाकडं ताईंचा दिवाळी डबा पाठवला. दोन साबण, उटण्याची पुडी आणि काचेच्या बरणीतली मेणबत्ती, मिळून ६५०. १ नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी साडेपाचला, पूजेच्या तयारीत, वहिनींनी ती मेणबत्ती दिवाणखान्यातल्या लाकडी टीपॉयवर लावली. खाली कापडी पट्टी. रात्री साडेदहापर्यंत ती जळत होती. बरणीत मेण बोटभरही उरलं नव्हतं तेव्हा काच तळाशी तडकली. वितळलेलं मेण कापडावर पसरलं, पेटलं. वहिनींनी कापड ओढलं तशी ते गरम मेण त्यांच्या उजव्या हातावर आलं. कोपरापासून मनगटापर्यंत फोड, दुसऱ्या दर्जाचं भाजणं, बारा दिवस ड्रेसिंग. पडदा, सोफ्याचा एक हात आणि टीव्ही गेला. घरात दोन लहान मुलं होती, ती तेव्हा अंगणात फटाके उडवत होती. हे वाक्य नांदेडच्या भाऊंनी मला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा ते पुढं काही बोलू शकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळी ताईंच्या व्हॉट्सअॅपवर हाताचा, काचेचा आणि जळक्या पडद्याचा फोटो आला.

“सगळा खर्च मी भरून देते”

ताईंनी उत्तर दिलं: “दादा, चूक माझीच आहे. वहिनींच्या हाताचा, घराचा सगळा खर्च मी भरून देते.” तासाभरात त्यांनी १५,००० रुपये यूपीआयनं पाठवले. दुपारी मुलाला गाडीवर बसवून नांदेडला गेल्या, वहिनींजवळ बसल्या, रडल्या.

या प्रसंगी दुसरं कुणी काय केलं असतं? सणाच्या दिवशी आपल्या हातच्या वस्तूनं एखादी बाई भाजली, तर ‘वकिलाशी बोला’ म्हणणारं माणूस आमच्याकडं चांगलं समजलं जात नाही. पण प्रॉडक्ट लायबिलिटीच्या पॉलिसीत एक अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, रक्कम देऊ करायची नाही, वचन द्यायचं नाही. पैसे कंपनी भरणार, म्हणून बाजू मांडण्याचा हक्कही कंपनी आपल्याकडं ठेवते. ताईंना ही अट माहीत नव्हती. पॉलिसी हातात देताना मी ती वाचून दाखवली नव्हती.

तेव्हापासून मी प्रत्येक छोट्या उत्पादकाला हे समोर बसवून सांगतो. दवाखान्यात जा. विचारपूस करा. गाडी लागली तर गाडी द्या, डबा पोचवा. “हे झालं त्याचं मला फार वाईट वाटतंय, वहिनींना आधी बरं वाटू दे, माझा विमा आहे, मी आजच कंपनीला कळवते” एवढं म्हणायला कुठलीही पॉलिसी अडवत नाही. ‘चूक माझी’ आणि ‘सगळं भरून देते’ हे दोन शब्दप्रयोग मात्र कंपनीचा होकार येईपर्यंत वापरायचे नाहीत. माणुसकी आणि ही अट एकत्र नांदू शकतात, फक्त त्या रात्री फोन कुणाला करायचा हे आधी ठरलेलं पाहिजे.

ताईंनी मला फोन केला नाही. का, ते मी नंतर विचारलं. “भाऊ, आगीचा विमा आपल्या शेडचा हाय, नांदेडच्या घराचा कसा असंल म्हणून मी बोललेच नाही.” अगदी बरोबर होतं ते. शेडमधली आग पहिल्या कागदात होती. दुसऱ्याच्या घरात आपल्या मालानं लावलेली आग दुसऱ्या कागदात. आणि तो दुसरा कागद त्यांच्या मनात ‘पुण्याच्या दुकानासाठीचा’ होता.

एक गोष्ट मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी केली आणि पुढं तीच कामी आली. बरणीच्या तळाला बॅच नंबर होता. मेणबत्तीला कुणी विचारत नसतानाही साबणाच्या सवयीनं त्यांनी रजिस्टर ठेवलं होतं. ३ ऑक्टोबरची बॅच, ६० बरण्या. २२ शेडमध्ये शिल्लक होत्या, त्या बाजूला काढून खोक्यावर चिकटपट्टी लावली. ३८ विकल्या गेल्या होत्या. नांदेडची सोडून ३७ जणांना दोन दिवसांत फोन. १८ जणांची जाळून झाली होती, १५ जणांनी बरणी परत दिली, चौघांचा फोन लागलाच नाही. परत आलेल्यांचे प्रत्येकी २२० रुपये त्यांनी दिले. बाजारातून माल परत बोलावण्याचा खर्च या पॉलिसीत मिळत नाही, त्यासाठी वेगळा विमा असतो. तरी पुढचं नुकसान टाळण्यासाठी वाजवी काळजी घ्या ही पॉलिसीचीच अट आहे, म्हणून या फोनांना कुणी ‘कबुली’ म्हणू शकलं नाही.

नोटीस, आणि कायदा काय बघतो

२० डिसेंबरला वकिलाची नोटीस आली. औषधोपचार ३८,०००, सामान ७२,०००, बाकी शारीरिक-मानसिक त्रास, वहिनींचं बुडालेलं शिवणकाम आणि खर्च, मिळून ४,५०,०००. भाऊंनी मला नंतर सांगितलं की ताईंवर त्यांचा राग नव्हता. हाताची बोटं पूर्ण वळत नव्हती आणि डॉक्टरांनी फिजिओथेरपी किती महिने लागेल ते सांगितलं नव्हतं. हा काही लोभाचा दावा नव्हता, हे मी आवर्जून लिहितो. कारण विम्याच्या धंद्यात दावा करणाऱ्याकडं संशयानं बघायची खोड लवकर लागते.

नोटीस घेऊन ताई २३ तारखेला माझ्या ऑफिसात आल्या. “आता काय करावं म्हणलालाव तुमी?” मी पॉलिसी उघडली, मालाचा रकाना वाचला आणि बराच वेळ काही बोललो नाही. त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवलं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचं एक अख्खं प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. तो जुलै २०२० पासून लागू झाला. कलम ८४ उत्पादकाबद्दल आहे. वस्तू बनवताना दोष राहिला, रचनेतच दोष असला, दिलेली हमी पाळली गेली नाही, किंवा नीट वापर कसा करावा आणि धोका काय याची पुरेशी सूचना दिली नाही, तर उत्पादक जबाबदार. शेडमधल्या चार बायका आणि मोठा कारखाना यांत हे कलम फरक करत नाही.

ताईंच्या डब्यात सुंदर हस्ताक्षरातलं छापील कार्ड होतं: “मायेनं हातानं बनवलेलं, नैसर्गिक आणि पूर्णपणे सुरक्षित.” बरणीवर सूचना एकही नव्हती. किती तास लावायची, तळाशी किती मेण उरलं की विझवायची, खाली काय ठेवायचं, काही नाही. ‘पूर्णपणे सुरक्षित’ ही कायद्याच्या भाषेत उघड हमी झाली, आणि हमी देताना आपला निष्काळजीपणा नव्हता असं सिद्ध केलं तरी सुटका नाही, असं ते कलमच सांगतं. कलम ८७ मध्ये एक सवलत आहे, की सगळ्यांना माहीत असलेल्या धोक्याची सूचना दिली नाही म्हणून दोष नाही. मेणबत्तीनं भाजतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण बरणी फुटते हे कुणाला माहीत असतं? लोक काचेतली मेणबत्ती घेतातच मुळी ती सुरक्षित वाटते म्हणून.

तीन आक्षेप

जानेवारीत कंपनीचा तपासनीस छत्रपती संभाजीनगरहून आला. चिकटपट्टी लावलेलं खोकं त्याच्यासमोर उघडलं. सहा बरण्या तव्यासारख्या पत्र्यावर मांडून पाच तास जाळल्या. पाचव्या तासाला एक तडकली, तीही तळाशीच. रजिस्टरमधून कारण निघालं. आधी ताई पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती करायच्या. २०२४ च्या दिवाळीला दिसायला छान म्हणून हैदराबादच्या बाजारातून साध्या काचेच्या बरण्या आणल्या. त्या उष्णता सोसणाऱ्या नव्हत्या. बरणी डब्यापेक्षा अरुंद, वात मात्र डब्याचीच जाड. जाड वातीची ज्योत मोठी, मेणाचं तळं खोल, आणि मेण संपत आलं की ज्योतीची धग थेट तळाच्या काचेला. एका बाजूला तापलेली आणि दुसऱ्या बाजूला गार टीपॉयवर टेकलेली साधी काच तो ताण सोसत नाही. ताईंनी नवी बरणी तपासली होती, पण दोनच, आणि एकेक तास. बरणीतली मेणबत्ती पहिल्या तासात काहीच सांगत नाही. तिची खरी परीक्षा शेवटच्या बोटभर मेणात असते.

१८ फेब्रुवारी २०२५ ला दावा नाकारल्याचं पत्र आलं. आक्षेप तीन. एक, मेणबत्ती हा माल पॉलिसीत नाही. दोन, घटना २ नोव्हेंबरला कळली, कंपनीला कळवलं २३ डिसेंबरला, म्हणजे ५१ दिवस उशीर. तीन, संमतीशिवाय जबाबदारी कबूल केली आणि पैसे दिले.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आम्ही चार पानी अर्ज केला. पहिल्या आक्षेपावर माझा ६ ऑगस्टचा मेल, जोडलेल्या तक्त्यासह. मेणबत्तीची उलाढाल कंपनीला कळवलेली होती आणि तिच्यावर प्रीमियम घेतला होता. माल पॉलिसीबाहेरचा असता तर प्रीमियम ६,४०,००० वर लागायला हवा होता, ११ लाखांवर नाही. रकाना दुरुस्त न करण्याची चूक माझी आणि शाखेची आहे, विमेदाराची नाही, असं मी माझ्या सहीनं लिहिलं. ते लिहिताना एजन्सीची काळजी वाटली, पण खरं तेच होतं.

दुसऱ्यावर विमा नियामकाचं २० सप्टेंबर २०११ चं परिपत्रक होतं. केवळ कळवायला उशीर झाला एवढ्यावर खरा दावा नाकारू नये, असं ते सांगतं. शिवाय उशिरानं तपासाचं काही बिघडलं नव्हतं, खोकं सीलबंद होतं. तिसऱ्यावर आमची बाजू लंगडी होती. एवढंच म्हणालो की कायदेशीर जबाबदारी ताईंच्या त्या संदेशानं तयार झाली नाही, ती दोषी काचेनं आणि न छापलेल्या सूचनेनं आधीच तयार झाली होती.

हा अर्ज फसला असता तर पुढची पायरी पुण्याच्या विमा लोकपालाची. मराठवाडा त्यांच्याच हद्दीत येतो, एकट्या मालकीच्या धंद्यांना आणि सूक्ष्म उद्योगांनाही तिथं जाता येतं, वकील लागत नाही, आणि कंपनीचं उत्तर आल्यापासून वर्षभराची मुदत असते. तिथं जायची वेळ आली नाही. २५ मार्चला कंपनीचं पत्र आलं: पुढं दावा नाकारण्याचा हक्क राखून बचावाला संमती, आधी दिलेले १५,००० मात्र मिळणार नाहीत.

मधल्या काळात एक धावपळ झाली, ती सांगायला हवी. भाऊंनी नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली होती; नव्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथंच ती करता येते, आणि वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. १७ मार्चला ताईंना आयोगाची नोटीस मिळाली. उत्तराला ३० दिवस, वाढवून मिळाले तर आणखी १५, आणि त्यापुढं एक दिवसही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ४ मार्च २०२० ला हे पक्कं करून टाकलं आहे. कंपनीचं ठरेपर्यंत थांबलो असतो तर ताईंची बाजू न ऐकताच निकाल लागण्याची भीती होती. म्हणून नांदेडचा वकील आम्ही आधीच लावला आणि तसं कंपनीला कळवलं. ११ एप्रिलला उत्तर दाखल झालं.

मध्यस्थी

त्या उत्तरात आम्ही घटना नाकारली नाही. आकड्यावर वाद ठेवला. आयोगानं दोघांच्या संमतीनं प्रकरण मध्यस्थीकडं पाठवलं आणि जुलैमध्ये दोन बैठकांत ते मिटलं. आधीचे १५,००० धरायचे नाहीत, त्याशिवाय १,८५,०००. वहिनींचा हात तोवर बराच वळू लागला होता, तरी सुई धरताना अंगठा दुखायचा. त्या बैठकीत त्या ताईंना म्हणाल्या, “तुम्ही पहिल्याच दिवशी आलात ते मी विसरले नाही.” पॉलिसीच्या नजरेत चूक ठरलेली ती भेटच तडजोडीला कारण झाली, असं मला मनापासून वाटतं. अट मोडली ती संदेशातल्या शब्दांनी आणि पैशांनी. भेटीनं काही मोडलं नाही.

कंपनीनं १,८५,००० मधून २५,००० वजा करून १,६०,००० दिले. वकिलाचे २२,००० झाले होते, त्यातले संमतीच्या पत्रानंतरचे १४,००० मंजूर केले. बचावाचा हा खर्चही १० लाखांच्या मर्यादेतच मोजला जातो, तिच्याबाहेर नाही. ताईंच्या पदरचे गेले ते २५,०००, १५,००० आणि ८,०००, म्हणजे ४८,०००. परत घेतलेल्या आणि मोडून टाकलेल्या बरण्या वेगळ्या.

पॉलिसीचं परिशिष्ट पुन्हा लिहिताना

ऑगस्ट २०२५ चं रिन्यूअल मी फोनवर केलं नाही. शेडमध्ये गेलो आणि फडताळावरचा एकेक माल हातात घेऊन यादी केली. त्यात बऱ्याच गोष्टी निघाल्या.

उटणं परवान्यावरच्या यादीत नव्हतं. “घरचंच उटणं की भाऊ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, त्याला कसला परवाना?” घरी लावलं तर कसलाच नाही. पुडीत घालून विकलं की तेही साबणासारखंच सौंदर्यप्रसाधन. आणि विनापरवाना मालाचा दावा आला तर कंपनी सगळ्यात आधी तिथंच बोट ठेवणार. ताईंनी परवान्यात भर घालायला अर्ज केला आणि तो मंजूर होईपर्यंत उटणं थांबवलं. दिवाळी तोंडावर असताना हे सोपं नव्हतं.

एका साबणाच्या कागदावर ‘इसब, खरूज जाते’ असं होतं. ते काढायला लावलं. आजार बरा होतो असं म्हटलं की साबण सौंदर्यप्रसाधन न राहता औषध ठरतो आणि आपल्या पॉलिसीच्या हातून सुटतो. ‘पूर्णपणे सुरक्षित’ची सगळी कार्डं जाळली.

भाचीमार्फत अमेरिकेला चाळीस वड्या जायच्या. पॉलिसीची हद्द भारत आहे, आणि परदेशाची भर घेतली तरी अमेरिका-कॅनडाचे दावे बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात किंवा वेगळा भारी प्रीमियम मागतात. ताईंनी ते पार्सल बंद केलं.

शेडमधल्या चार बायकांचं काय, हा प्रश्न ताईंनीच काढला. कॉस्टिक अंगावर उडालं तर प्रॉडक्ट लायबिलिटी त्यात येत नाही. कामगारांसाठी तेव्हा १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यावर बेतलेली वेगळी पॉलिसी असे. ती घेतली.

पॉलिसीत मागची तारीख म्हणून १२ ऑगस्ट २०२३ असते, ती सांभाळली. ही पॉलिसी ‘दावा आला त्या वर्षाची’ असते: अपघात त्या मागच्या तारखेनंतरचा हवा आणि दावा चालू मुदतीत आलेला हवा. एक वर्ष खंड पडला की ती तारीख नव्यानं सुरू होते आणि आधी घडलेलं पण दावा अजून न आलेलं सगळं उघडं पडतं. दोन वर्षांपूर्वी विकलेली बरणी कुणाच्या तरी कपाटात अजून असते. म्हणून धंदा मंदावला तरी हा विमा सोडायचा नाही, असं मी ताईंना सांगितलं. मर्यादा २५ लाख केली. पुण्याच्या दुकानाचं नाव विक्रेता म्हणून जोडलं. प्रीमियम जवळपास दुप्पट झाला, ताईंनी कुरकुर केली नाही.

मेणबत्तीसाठी त्या पुन्हा पत्र्याच्या डब्याकडं वळल्या. नव्या आकाराची वात आली की सहा नग शेवटपर्यंत जाळायचे, दर तासाला रजिस्टरात नोंद, प्रत्येक बॅचचा एक नग वर्षभर जपून ठेवायचा. झाकणाच्या आतून मराठीत सूचना: एका वेळी तीन तासांपेक्षा जास्त लावू नका, अर्धा इंच मेण उरलं की विझवा, खाली कापड-कागद नको, लेकरं-मांजरं लांब ठेवा, लावून खोलीबाहेर जाऊ नका.

ऑक्टोबरात दुपारी फोन आला. “भाऊ, आंघोळीच्या पाण्यात टाकायचं मीठ करावं म्हणते, गुलाबाचं. अजून केलं नाही. आधी तुमाला सांगितलं.” मी परवान्याचं विचारलं, उलाढालीचा अंदाज विचारला, आणि शाखेला मेल टाकला. या वेळी मालाचं नाव पहिल्याच ओळीत लिहिलं. दुरुस्तीचा कागद तिसऱ्या दिवशी आला. तो घेऊन मी स्वतः शेडवर गेलो, आणि मालाचा रकाना ताईंना मोठ्यानं वाचून दाखवला.